दाट प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन: सोलापुरात बसून, साध्या लॅपटॉपवर सिम्युलेशनची सुरुवात

अमुक तापमानाला आणि घनतेला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेत ते सांगणारं साहा समीकरण एम.एस्सी.ला सगळ्यांनीच सोडवलेलं असतं. मेघनाद साहांनी ते १९२० साली मांडलं आणि ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांच्या तापमानाचा हिशेब लागायला लागला. आता एक खोडी काढा. तेच समीकरण सूर्याच्या पृष्ठभागाऐवजी थेट केंद्राला लावा. तापमान दीड कोटी केल्व्हिनच्या जरा वर, घनता पाण्याच्या दीडशेपट. उत्तर येतं की तिथल्या हायड्रोजनपैकी पाव भागाहून जास्त अणू अजून अखंडच आहेत, त्यांचा इलेक्ट्रॉन सुटलेलाच नाही.

हे उत्तर साफ चुकीचं आहे, आणि ते कळायला संगणक लागत नाही. सूर्याच्या केंद्रात एका प्रोटॉनच्या वाट्याला साधारण ०.२ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल येतो. हायड्रोजन अणूची बोर त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम. अणू मावायलाच जागा नाही, मग तो अखंड राहील कुठून? तापमानाने नव्हे, निव्वळ दाटीने इलेक्ट्रॉन सुटतो, आणि हे साध्या साहा समीकरणाच्या गावीही नसतं. ते विरळ वायूसाठी आहे.

केगावला विद्यापीठात किंवा संगमेश्वर, दयानंद, वालचंदला शिकताना प्रोजेक्टसाठी ‘प्लाझ्मा सिम्युलेशन’ (प्लाझ्मा म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचं मिश्रण) असं मोघम काहीतरी घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. पायथन थोडंफार येतं, लॅपटॉपला आठ किंवा सोळा जीबी रॅम आहे, एवढं गृहीत धरतो. माझा आग्रह एकच आहे: सॉफ्टवेअर नंतर, आकडे आधी. पहिल्याच दिवशी व्हिडिओ लावून तीन-तीन पॅकेजं इन्स्टॉल करणारी मुलं महिन्याभरानंतर ‘सर, ग्राफ आला, पण कशाचा ते माहीत नाही’ म्हणत येतात.

पायरी पहिली: कागद, पेन आणि ॲल्युमिनियमची फॉइल

उदाहरण म्हणून एकच पदार्थ धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मी ॲल्युमिनियम सुचवतो, कारण त्यावर प्रयोग भरपूर झालेत. घनता नेहमीचीच, २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तापमान १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्व्हिन, म्हणजे आपण एक लाख सोळा हजार केल्व्हिनबद्दल बोलतोय. ताकदवान लेझरचा झोत पातळ फॉइलवर आदळला की ती फुगून विस्कटायच्या आधी, क्षणभर, ही अवस्था मिळते.

आता एकेक आकडा काढा. एका घन सेंटिमीटरमध्ये अणू किती? ६ गुणिले १० चा २२ वा घात. प्रत्येकाचे बाहेरचे तीन इलेक्ट्रॉन मोकळे धरले तर इलेक्ट्रॉन १.८ गुणिले १० चा २३ वा घात. एका आयनाच्या वाट्याचा गोल १.५८ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा.

या इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा, म्हणजे पदार्थ अगदी थंड असतानाही दाटीमुळे त्यांना घ्यावी लागणारी कमाल ऊर्जा, ११.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. तापमान १०, फर्मी ऊर्जा ११.७. दोन्ही बरोबरीला आले म्हणजे इलेक्ट्रॉन ना धड धातूतल्यासारखे थंड, ना धड वायूतल्यासारखे मोकाट. मॅक्सवेल-बोल्ट्झमन वाटप इथे चालत नाही, फर्मी-डिरॅकच घ्यावं लागतं.

दुसरा आकडा आयनांच्या एकमेकांतल्या ओढाताणीचा. दोन शेजारी आयनांमधली कूलोम ऊर्जा भागिले तापमान, याला कपलिंग पॅरामीटर किंवा नुसतं गॅमा म्हणतात. कूलोम ऊर्जा काढताना १४.४ हा आकडा पाठ करून टाका: एकेक भार असलेले दोन कण एक अँगस्ट्रॉमवर असतील तर त्यांची ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आपल्या फॉइलमध्ये भार तीन-तीन, म्हणून नऊपट, भागिले १.५८, भागिले तापमान १०. उत्तर साधारण ८. आदर्श प्लाझ्मात हा आकडा एकाच्या खूप खाली असतो. आठ म्हणजे आयन द्रवासारखे वागतात, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय हलत नाहीत.

तिसरा आकडा मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो. डिबाय लांबी, म्हणजे एका भाराचा प्रभाव जेवढ्या अंतरात झाकला जातो ती, काढा. ती ०.५५ अँगस्ट्रॉम येते. आता तेवढ्या त्रिज्येच्या गोलात इलेक्ट्रॉन किती बसतात ते मोजा: ०.१३. एक अख्खा इलेक्ट्रॉनसुद्धा नाही! डिबाय आणि ह्यूकेल यांची १९२३ सालची कल्पना अशी की एका भाराभोवती विरुद्ध भारांचा ढग जमतो आणि तो भार झाकला जातो. ढगात हजारो कण असतील तर सरासरीला अर्थ आहे. ०.१३ कणांचा ढग कसला? पाठ्यपुस्तकातली अर्धी सूत्रं या ढगावर उभी असतात, त्यामुळे हा आकडा एकापेक्षा कमी आला की पुस्तक जपून उघडायचं.

अशा अवस्थेला वॉर्म डेन्स मॅटर म्हणतात. गुरूच्या पोटात, इंधनाची गोळी लेझरने चिरडून अणुसंमीलन घडवताना अधल्यामधल्या टप्प्यावर, असल्या ठिकाणी ते सापडतं. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली, त्यातल्या गोळीचा प्रवासही याच मुलखातून होतो.

पायरी दुसरी: साहा समीकरण, पण नीट

आता पायथन उघडा. ॲल्युमिनियमवर लगेच उडी नको, आधी हायड्रोजन. समीकरणाची उजवी बाजू अशी: २.४१ गुणिले १० चा १५ वा घात, गुणिले तापमानाचा दीडावा घात, गुणिले ‘उणे १,५७,८२१ भागिले तापमान’ याचा घातांकी. तापमान केल्व्हिनमध्ये, उत्तर प्रति घन सेंटिमीटर. डावीकडे आयनित अंशाचा वर्ग भागिले ‘एक वजा तो अंश’, गुणिले हायड्रोजन केंद्रकांची एकूण संख्या-घनता. वर्गसमीकरण आहे, दहा ओळींत संपतं.

प्रोग्रॅम बरोबर चाललाय का हे बघायला माझ्याकडचे आकडे घ्या. संख्या-घनता १० चा १४ वा घात प्रति घन सेंटिमीटर धरली तर ६,००० केल्व्हिनला आयनित अंश ०.००६५, ८,००० ला ०.१९, १०,००० ला ०.८१ आणि १२,००० ला ०.९८. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. न जुळण्याचं कारण दहांत नऊ वेळा एकच असतं: कुठेतरी मीटर आणि सेंटिमीटरची गल्लत.

एक बारकावा. हायड्रोजनच्या उत्तेजित पातळ्यांची बेरीज करायला गेलात तर ती अनंताकडे जाते, कारण वरच्या पातळ्या न संपणाऱ्या आहेत आणि प्रत्येक पातळीत जागा वाढत जातात. विरळ वायूत हे दुर्लक्षून चालून जातं. दाट प्लाझ्मात शेजारचा अणूच वरच्या पातळ्या पुसून टाकतो, बेरीज आपोआप तुटते. पण ती कुठे तुटते, हे ठरवणं म्हणजेच पुढची पायरी.

पायरी तिसरी: इलेक्ट्रॉन स्वस्तात सुटतो, पण किती स्वस्तात?

दाटीत इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा कमी होते. संशोधक या घटीला आयपीडी (आयनायझेशन पोटेन्शियल डिप्रेशन) म्हणतात. इथे घाई नको, सगळा विषय याच घटीवर फिरतो.

परत ॲल्युमिनियम. तीन इलेक्ट्रॉन गेलेल्या सुट्या आयनातून चौथा काढायला १२० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या मोफत तक्त्यात हा आकडा मिळेल, असे आकडे नेहमी तिथूनच घ्यायचे. आता आपल्या फॉइलमध्ये ही किंमत किती उतरते? डिबायचं सूत्र लावा: चार भार, गुणिले १४.४, भागिले ०.५५. घट १०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट! म्हणजे १२० पैकी उरले १५. आता ढगाऐवजी आयनाच्या वाट्याचा गोल धरणारं आयन-गोलाचं सूत्र लावा: दीडपट, चार भार, १४.४, भागिले चार इलेक्ट्रॉन मावतील एवढ्या गोलाची त्रिज्या, म्हणजे १.७४ अँगस्ट्रॉम. घट सुमारे ५०, उरले ७०.

दोन सूत्रं, दोन उत्तरं, आणि फरक थोडाथोडका नाही. खरं कोणतं? याचा ढोबळ पुरावा थंड ॲल्युमिनियममध्येच आहे. धातूच्या पत्र्यात त्याच आतल्या इलेक्ट्रॉनला फर्मी पातळीपर्यंत उचलायला सुमारे ७३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण पुरतात. सुट्या आयनात १२०, पत्र्यात ७३. मोजायची पातळी जरा वेगळी आहे, तापमान वेगळं आहे, पण कोणतं सूत्र वाटेवर आहे आणि कोणतं वाट चुकलंय ते दिसतं. ०.१३ कणांच्या ढगावर विसंबलं की असं होतं.

विरळ टोकाला डिबाय आणि दाट टोकाला आयन-गोल, या दोघांना सांधणारं सूत्र स्टुअर्ट आणि पायट यांनी १९६६ मध्ये दिलं. बहुतेक जुन्या प्रोग्रॅममध्ये तेच आहे. एकर आणि क्रोल यांचं १९६३ चं सूत्र घट जास्त दाखवतं, ते बरीच वर्षं मागे पडलेलं होतं. मग २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरवर ॲल्युमिनियमची फॉइल तापवून घट थेट मोजली गेली, आणि निकाल झुकला एकर-क्रोलच्या, तोही जरा सुधारलेल्या सूत्राकडे. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ओरायन लेझरवरचा प्रयोग जास्त तापमान आणि वेगवेगळ्या घनतांवर झाला. तो स्टुअर्ट-पायटशी जुळला. तेव्हा परीक्षकांनी ‘हेच सूत्र का?’ असं विचारलं तर ‘पुस्तकात होतं’ हे उत्तर देऊ नका. दोन्ही लावा, दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा.

प्रोग्रॅममध्ये हे घालताना चक्र तयार होतं: घट ठरते इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून, घनता ठरते आयनीभवनावरून, आयनीभवन ठरतं घटीवरून. अंदाजाने सुरू करा आणि फिरवत राहा. थेट नवं उत्तर घातलं तर आकडा दोन टोकांत हेलकावे खात बसतो. म्हणून जुन्याचे सत्तर टक्के आणि नव्याचे तीस टक्के मिसळून पुढे जा. कधी कधी वेगळ्या अंदाजाने सुरुवात केली की वेगळंच स्थिर उत्तर मिळतं. तो नवा शोध लागल्याचा आनंद आवरा. बहुधा ती सूत्राची मर्यादा असते, निसर्गाची नव्हे.

पायरी चौथी: मोकळा कोण, बांधलेला कोण?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रेटारेटी असते तेव्हा वरून फोटो काढा आणि सांगा, कोणतं पोर कोणत्या घरचं? मोकळ्या रस्त्यावर अंतरावरून ओळखता येतं, गर्दीत नाही. दाट प्लाझ्मात इलेक्ट्रॉनाचं तसंच आहे. त्याची लहर एका वेळी दोन-तीन आयनांवर पसरलेली असते.

म्हणून ‘सरासरी आयनीभवन’ हा आकडा मॉडेलनुसार बदलतो. थॉमस-फर्मी मॉडेलमध्ये आयन-गोलाच्या कडेवरच्या इलेक्ट्रॉन-घनतेवरून तो काढतात. सरासरी-अणू मॉडेलमध्ये शून्याच्या वर ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन मोजतात. विद्युतवाहकतेवरून काढला तर आणखी वेगळा. रिपोर्टमध्ये आकडा लिहिण्याआधी व्याख्या लिहा. फ्लायचेक नावाचा प्रोग्रॅम निस्टच्या संकेतस्थळावर चालतो, फक्त खातं काढावं लागतं. मूलद्रव्य, तापमान, घनता दिली की तो सरासरी भार सांगतो. तुमच्या पायथनच्या उत्तराशी ताडून पाहायला चांगला आहे, पण तोही एक मॉडेलच आहे, अंतिम सत्य नव्हे.

पायरी पाचवी: आता कुठे सॉफ्टवेअर

पहिल्या पायरीतले आकडे समोर ठेवून पद्धत निवडायची. तीन वाटा आहेत.

पहिली साधी मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे कणांवरची बलं काढून त्यांना पायरीपायरीने हलवणं. लॅम्प्स हे मोफत पॅकेज त्यासाठी पुरेसं आहे. फक्त आयन हलवा, इलेक्ट्रॉन मागे झाकणासारखे धरा, युकावा पोटेन्शियल (झाकलेल्या भारांमधली ऊर्जा) लावा, लॅपटॉपवर तासाभरात निकाल येतो. सरावासाठी झाकण काढून एकसमान पार्श्वभूमीतल्या भारांचा प्रश्न घ्या आणि गॅमा वाढवत न्या. १७५ च्या आसपास आयन स्फटिक बनवतात. हे दिसलं की तुमची मांडणी बरोबर आहे. इथे भार लांबपर्यंत एकमेकांना ढकलतात, त्यामुळे बल ठरावीक अंतरावर कापून चालत नाही, दूरच्या भारांचा वाटाही धरणारी एवाल्डची बेरीज वापरावी लागते.

पण उत्साहाच्या भरात इलेक्ट्रॉनही साधे कण म्हणून टाकलेत तर घात होतो. धन आणि ऋण कण एकमेकांकडे धावतात, अंतर शून्याकडे, ऊर्जा उणे अनंताकडे, आणि मग एखादा कण खोक्याबाहेर भिरकावला जातो. प्रत्यक्षात क्वांटम यांत्रिकी हे होऊ देत नाही, आपल्या प्रोग्रॅमला ते कोण सांगणार? त्यासाठी जवळच्या अंतरावर मऊ पडणारी केल्बग किंवा डॉयच यांची पोटेन्शियल आहेत. ती वापरलीत तरी एकूण ऊर्जेचा आलेख रोज पाहा. सरकत असेल तर बाकी काहीही पाहू नका.

दुसरी वाट डेन्सिटी फंक्शनल थिअरीची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून त्यांचा क्वांटम हिशेब करण्याची. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये पाया घातला, मर्मिन यांनी १९६५ मध्ये ती तापलेल्या इलेक्ट्रॉनांना लागू केली. क्वांटम एस्प्रेसो हे मोफत पॅकेज घ्या, फर्मी-डिरॅक स्मिअरिंग निवडा. तिथे तापमान रिडबर्गमध्ये द्यायचं असतं. १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ०.७३५ रिडबर्ग. सरळ १० टाकून रात्रभर चालवलेली रन मी पाहिलेली आहे.

अडचण तापमानाची आहे. थंड ॲल्युमिनियममध्ये एका अणूमागे दीड बँड (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा पट्टा, एकात दोन इलेक्ट्रॉन) भरलेला असतो. दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टला वरच्या पातळ्याही थोड्या थोड्या भरतात. भरणा एक लाखांश होईपर्यंत मोजायचं ठरवलं तर एका अणूमागे पंचेचाळीस ते पन्नास बँड लागतात. ३२ अणूंचा खोका घेतला तर दीड हजारांच्या घरात. घरचा लॅपटॉप तिथेच बसतो. चार अणूंनी सुरुवात करा, बँड वाढवत न्या, दाब बदलायचा थांबला की समजा पुरेसे झाले. स्यूडोपोटेन्शियल (आतले इलेक्ट्रॉन गोठवून फक्त बाहेरचे मोजायची सोय) तीन इलेक्ट्रॉनांचं की अकराचं, हेही बघा. १० इलेक्ट्रॉन-व्होल्टला तीनचं चालून जातं. ३० च्या पुढे आतले इलेक्ट्रॉनही सुटू लागतात, आणि गोठवलेले इलेक्ट्रॉन सुटणार कसे? उत्तर छान गुळगुळीत येईल आणि चुकीचं असेल. आयन या तापमानाला एका फेम्टोसेकंदात साधारण ०.०६ अँगस्ट्रॉम सरकतो, त्यामुळे काळाची पायरी अर्ध्या फेम्टोसेकंदाच्या आत ठेवा.

तिसरी पार्टिकल-इन-सेल, म्हणजे कण हलवायचे आणि विद्युत-चुंबकीय क्षेत्रं ग्रिडच्या खणांवर मोजायची. लेझर आणि प्लाझ्माचा खेळ पाहायचा असेल तर स्मायलाय किंवा एपॉक हे मोफत प्रोग्रॅम. घन पदार्थाच्या घनतेला मात्र हिशेब करून बघा. प्लाझ्मा दोलनाचा एक फेरा ०.२६ फेम्टोसेकंद, म्हणजे काळाची पायरी फार तर ८ ॲटोसेकंद. एका पिकोसेकंदासाठी किमान सव्वा लाख पायऱ्या. ग्रिडचा खण डिबाय लांबीएवढा ठेवायचा तर एका मायक्रॉनला १८,००० खण. त्रिमितीत सहा लाख कोटी. म्हणून एकमितीच घ्या. खण मोठे ठेवलेत तर इलेक्ट्रॉन काहीही न करता तापत जातात. ती उष्णता ग्रिडची असते, लेझरची नव्हे. शिवाय या प्रोग्रॅममधल्या आयनीभवनाच्या ऊर्जा बहुधा सुट्या अणूच्या असतात. तिसऱ्या पायरीतली घट त्यात धरली आहे का, ते मॅन्युअलमध्ये शोधा.

पायरी सहावी: यंत्र, ऊन आणि लाईट

लिनक्स टाका, विंडोजच्या आत चालणारं उबुंटूही चालेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ ला गेला की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. दुपारी तीन तासांत होणारी रन पहाटे दोन तासांत होते. लांबच्या रन रात्री लावा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली हवा खेळू द्या.

लाईट जाणार हे धरूनच चाला. लॅम्प्समध्ये रिस्टार्ट फाइल दर काही हजार पायऱ्यांनी लिहायला सांगता येते. क्वांटम एस्प्रेसोला कमाल सेकंद दिले की तो स्वतःहून नीट थांबतो आणि पुढे तिथूनच सुरू करता येतो. या दोन ओळी इनपुटमध्ये पहिल्याच दिवशी घाला. मोफत क्लाउड नोटबुक पायथनच्या कामाला ठीक आहे, मोठ्या रनला नाही, मध्येच तुटतं.

लॅपटॉप अपुरा पडला तर पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. गाईडमार्फत विचारणा करा. मात्र जाताना चार अणूंच्या रनचे आकडे, किती कोअर, किती तास लागतील याचा तक्ता बरोबर ठेवा. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून रिकाम्या हातांनी गेलात तर चहा पिऊन परत याल. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत उन्हाळी प्रकल्प असतात, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. तिथेही ‘मला प्लाझ्मा आवडतो’ यापेक्षा ‘मी ॲल्युमिनियमची आयपीडी दोन सूत्रांनी काढली, हा आलेख’ असं लिहिलेला अर्ज लवकर वाचला जातो.

पायरी सातवी: रिपोर्टमध्ये काय यायला हवं

पहिल्या पानावर पहिल्या पायरीतले आकडे: घनता, तापमान, फर्मी ऊर्जा, गॅमा, डिबाय लांबी. त्यानंतर कोणती पद्धत आणि या आकड्यांमुळे ती का. सरासरी आयनीभवनाची तुमची व्याख्या, एका वाक्यात. अणूंची संख्या, बँड, काळाची पायरी दुप्पट-निम्मी करून उत्तर किती हललं त्याचा तक्ता. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि स्यूडोपोटेन्शियल फाइलचं पूर्ण नाव, कारण सहा महिन्यांनी तुमच्या पुढच्या बॅचचं पोर तीच रन परत करायला बसेल तेव्हा त्याला ते लागणार आहे. रंगीत ॲनिमेशन तोंडी परीक्षेला दाखवा, रिपोर्टमध्ये नको.